काटेसावरचा शेवटचा माणूस

आमच्या काटेसावर गावात उपाशी माणूस नाही, असं यंत्र सांगतं. यंत्राला खोटं बोलता येत नाही आणि या हकिकतीत ते एकदाही खोटं बोललेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना कुणाला वाटेल की यंत्रात बिघाड होता. यंत्र चांगलं होतं. अजूनही चांगलं आहे.

गावाच्या खालच्या अंगाला सगळी भुयारी गटारं एकत्र येऊन टाकीत पडतात, तिथं ते बसवलंय. कपाटाएवढं, पांढरं, वर सौरपत्रा. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. गावात सगळे त्याला चोंबडी म्हणतात, कारण कुणाच्या घरात काय शिजलं ते ती बाहेर सांगते.

ती बसवली तेव्हा देवयानी मॅडम आल्या होत्या. जिल्ह्याच्या विकासमापन केंद्राच्या त्या प्रमुख. समाजमंदिरात सगळं गाव जमलं होतं. बाई बोलायला साध्या. त्यांनी विचारलं, "एका घरात दोन माणसं आहेत. एकानं चार भाकरी खाल्ल्या, दुसरा उपाशी झोपला. सरासरी किती?"

"दोन!" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हणजे दोघांचं पोट भरलं?"

लोक हसले. मॅडम म्हणाल्या, "आजवर आपण असंच मोजत आलो. सगळ्या देशांनी बसून उद्दिष्टं ठरवली. भूक नको, आजारपण नको, प्रगतीत कुणी मागं राहायला नको. मुदत आली आणि गेली. सरासरी वाढत राहिली, खालचा माणूस होता तिथंच राहिला. घरोघरी जाऊन विचारलं तर माणसं खोटं सांगतात. कुणी लाजेनं, कुणी भीतीनं."

मग त्यांनी यंत्राचं समजावून सांगितलं. माणसाच्या आतड्यात जिवाणू असतात. त्यांचा मेळ प्रत्येकाचा वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. ते शौचावाटे बाहेर पडतात आणि गटाराच्या पाण्यात मिसळतात. या यंत्राला त्या जिवाणूंच्या जनुकांचे बारीक तुकडे वाचता येतात, आणि त्यावरून मिसळलेल्या पाण्यातूनही ते एकेक माणूस सुटा करतं. मग त्या माणसाच्या अंगाला अन्न लागतंय का, रक्त कमी आहे का, औषध पोटात गेलं का, भीतीनं किंवा दुःखानं अंगात जी द्रव्यं सुटतात ती किती आहेत, सगळं दिसतं.

"नाव दिसतं का?" मी विचारलं. माझी पिठाची गिरणी आहे. गावात मला तुळशीराम गिरणीवाला म्हणतात.

"नाव नाही. यंत्राला फक्त माणसं दिसतात. कोण कुणाचा ते त्याला माहीत नाही, मलाही नाही."

आणि मग त्यांनी तो नियम सांगितला. गावाचा गुण सरासरीनं ठरणार नव्हता. गावात जो माणूस सगळ्यात खाली असेल, त्याचा जो गुण, तोच गावाचा गुण. त्यावरून गावाचा वर्ग. पहिल्या वर्गातल्या गावाला धरणावरून शेताला बारमाही पाणी आणि गावात राहणारा डॉक्टर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बायकांच्या घोळक्यातून माझी बायको कौतिका उठली आणि म्हणाली, "मॅडम, शेवटचा माणूस म्हणता, पण ती बाई असली तर?"

सगळे खदखदून हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बहुतेक वेळा बाईच असते."

सुरुवातीला नियमानं काम केलं. ते दिवस खोटे होते असं मी म्हणणार नाही. खालच्या आळीला धुरपदाबाई नावाची एकटी म्हातारी राहते. तिच्याकडे आयुष्यात कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. पहिल्या वाचनानंतर सगळ्यांनी अंदाज बांधला की शेवटचा माणूस म्हणजे हीच. मग रोज सकाळी तिच्या दारात उकडलेली अंडी, दूध, शेंगदाण्याचे लाडू. म्हातारी दार लावून घ्यायची आणि आतून ओरडायची, "बायांनो, जीव घेता का माझा? कोंबडीसुद्धा एवढी अंडी घालत नाही!"

मी नाचणी आणि सोयाबीन मिसळून पीठ दळून द्यायचो. कौतिका ते घेऊन घरोघर जायची. गावातली पोरं अंगानं भरली. दारू कमी झाली, कारण दारुड्याची बायको शेवटची निघाली तर सगळं गाव त्याच्या दारात. काटेसावर चौथ्या वर्गातून दुसऱ्यात आलं. पहिला अगदी हाताशी होता.

तेव्हा कौतिकाला आजार झाला.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच. आधी तिला अन्न पचेना, मग ती वाळायला लागली. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आतड्याचा कर्करोग आहे, फार पुढं गेलाय. आतडं अन्न घेतच नाही. आता कापून उपयोग नाही. घरी न्या, आवडेल ते खायला द्या."

येताना गाडीत ती म्हणाली, "काय म्हणाला डॉक्टर?"

"घरी ठेवा म्हणाला."

"मग बरंय. मला दवाखान्यात मरायचं नाही. कुणाच्या दारातही नाही. आपल्या घरात, आपल्या खाटेवर. गिरणी चालू ठेवा, बंद करू नका. मला तो आवाज लागतो."

मी बरं म्हणालो. एवढंच तिनं मागितलं होतं.

वाचन वर्षातून दोनदा होतं, दहा-दहा दिवस. सगळ्या तालुक्यात एकाच वेळी, म्हणजे कुणी माणसं इकडची तिकडे करायला नकोत. एखाद-दुसऱ्या दिवसाचा पाहुणा यंत्र सोडून देतं. जास्त राहिला की तो त्या गावचा. त्या वेळच्या वाचनात काटेसावर दुसऱ्या वर्गातून थेट शेवटच्या वर्गात पडलं. यंत्रानं नाव सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. गल्लीत कोण वाळलंय ते सगळ्यांना दिसत होतं.

मी देवयानी मॅडमना फोन केला. म्हणालो, "मॅडम, मी तिला खायला घालतो. दूध, पेज, भाताची खिमट, जे मागेल ते. ती उपाशी नाही."

"तुळशीरामजी, तिला काय दिलं ते यंत्राला कळत नाही. तिच्या अंगाला काय लागलं ते कळतं."

"मग आजारी माणूस वगळा की."

"वगळायला लागले तर प्रत्येक गाव आपल्या शेवटच्या माणसाला आजारी ठरवेल. मग आपण पुन्हा सरासरीवर येऊ." मग त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला आजही त्यात चूक सापडत नाही.

पुढचं वाचन जवळ आलं तशी सरपंच शालनवहिनी गिरणीवर आली. लांबच्या नात्यानं ती आमची भावजय. हातात दळणाचा डबा नव्हता, तेव्हाच मला कळलं.

"भाऊजी, पट्टा थांबवा जरा. ऐकू येत नाही."

"थांबवत नाही. कौतिकाला आवाज लागतो. मोठ्यानं बोला."

मग तिला ओरडून बोलावं लागलं. जी गोष्ट हळू आवाजात सांगायची होती ती तिनं ओरडून सांगितली. "कौतिकाताईला थोडे दिवस माहेरी पाठवा!"

"आजारी बाईला?"

"आजारीच बाई माहेरी जाते! भाऊ आहे, भावजय आहे! वाचन झालं की मीच गाडी घेऊन जाते आणायला!"

"तिला घरी मरायचंय."

"आत्ता मरते कुठं? चांगली दिवाळी बघेल! भाऊजी, तीन वेळा पाणी हुकलं आपलं. लोक मला विचारतात, मी काय सांगू?"

"सांगा की तुळशीराम ऐकत नाही."

ती गेली. मला वाटलं, विषय संपला.

वाचनाच्या आदल्या सकाळी दारात बायका आल्या. दोन-चार नव्हे, गल्लीच्या तोंडापर्यंत रांग. प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. पुढं शालनवहिनी. "कौतिकाताईची ओटी भरायला आलोय, माहेरी जाते ना ती," ती म्हणाली.

मी दार अडवून उभा राहिलो. ओटी भरायला आलेल्या बायकांना दारातून परत लावायचं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तरी मी हललो नसतो. पण आतून कौतिकाचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

मला एक गोष्ट सांगायला हवी. कौतिकाला मूल झालं नाही. म्हणून या गावात कुणाच्या डोहाळजेवणाला, बारशाला तिला पुढं बसवत नसत. ओटी भरायच्या वेळी ती आपणहून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी घासायला घ्यायची. आमच्या सगळ्या संसारात या बायकांपैकी एकीनंही तिची ओटी भरली नव्हती.

ती खाटेवर उठून बसली. केस नीट केले. चांगलं लुगडं मागितलं. एकेक बाई पुढं येत गेली, कुंकू लावत गेली. तिच्या अंगात पदर पसरायलाही जोर नव्हता, धुरपदाबाईनं मागून पदर धरला. नारळ एवढे झाले की ते खाटेखाली मांडावे लागले. कौतिकाचं तोंड मी तसं कधीच बघितलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

"बघा हो," ती मला म्हणाली, "सगळ्याजणी आल्या."

ओटी भरल्यावर बाईला निघावंच लागतं. जीप दारात उभीच होती.

गाव मागं पडल्यावर मी म्हणालो, "कौतिके, नको म्हण. अजून परत फिरवतो."

ती मांडीवरच्या नारळावरून हात फिरवत होती. "मला कळतं हो. वेडी नाही मी. कशासाठी आल्या ते दारात पाऊल टाकलं तेव्हाच कळलं." मग म्हणाली, "पण एकदा भरून घ्यावी वाटली."

तिचं माहेर निमखडी, ओढ्यापलीकडे. भाऊ अंकुश वेशीपर्यंत सामोरा आला. त्यानं तिला उचलून आत नेलं, "अक्का, किती हलकी झालीस गं," म्हणाला आणि रडला. ते रडणं खरं होतं. भावजय छबूनं गादी घातली, मऊ भात केला. एक दिवस बरा गेला.

दुसऱ्या दिवशी निमखडीची माणसं ओसरीवर येऊन बसली. निमखडीतही चोंबडी आहे. काटेसावरची माणसं इतकी शहाणी, मग निमखडीची वेडी कशी असतील?

अंकुश मला गोठ्याकडे घेऊन गेला. "दाजी, राग मानू नका. मागच्या वेळी आमचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला."

"तुझी बहीण आहे ती."

"बहीणच आहे. पण नाव तुमच्या गावचं लागतं ना? लग्न होऊन गेलेली बाई. सगळे तेच म्हणतात." त्यानं नजर वर केली नाही. "माझ्या घरचं सांगतो, छबू म्हणते ठेवू या. पण लोक बसून राहिलेत, दाजी. उठतच नाहीत."

छबूनं नणंदेची ओटी भरली. मग निमखडीच्या बायकांनी भरली. त्यांच्याकडेही माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. कौतिकानं या वेळी काही पाहिलं नाही. डोळे मिटून बसली होती आणि ओटीत पडणाऱ्या प्रत्येक नारळासरशी तिचं अंग दचकत होतं.

काटेसावरच्या वेशीवर गाव उभं होतं. जीप थांबवावी लागली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. सगळे हात जोडून उभे होते. माणसं हात जोडून रस्ता अडवतात तेव्हा काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

शालनवहिनी खिडकीशी आली. "भाऊजी, घर तुमचंच आहे. वाचनाचे दिवस जाऊ द्या. शिवेवरची पंपाची खोली साफ करून ठेवलीय. पलंग लावलाय, पंखा लावलाय."

मी उतरत होतो. कौतिकानं माझं मनगट धरलं आणि ती स्वतः बोलली. आवाज येत नव्हता, वहिनीला डोकं आत घालावं लागलं.

"वहिनी, मी घरातल्या संडासात जाणार नाही. डब्यात करीन. तुम्ही तो शेतात नेऊन पुरा. गटारात काही जाणार नाही. पण मला घरी झोपू द्या."

शालनवहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती म्हणाली, "ताई, तुझं तोंड धुतलेलं पाणी जाईल. चादर धुतली की जाईल. वाटी विसळली की जाईल. घाम, थुंकी, सगळं वाचते गं ती. मी मॅडमना विचारून आलेय."

"काय विचारलंत?" मी म्हणालो.

"यंत्र किती बारीक वाचतं ते. त्यांना वाटलं, मला शिकायचंय. फार आनंदानं सांगितलं त्यांनी."

पंपाची खोली दोन गावांच्या मधल्या माळावर आहे. कधीकाळच्या पाणीयोजनेची. तिथं गटार नाही. तिथं राहणारा माणूस काटेसावरचा नाही आणि निमखडीचाही नाही. आम्ही तिथं राहिलो.

कौतिकाची एवढी काळजी आयुष्यात कुणी घेतली नव्हती. काटेसावरनं मऊ गादी आणली, तर निमखडीनं पाण्याचा कूलर आणला. दोन्हीकडून डबे यायचे. साजूक तुपातला शिरा, नारळाची बर्फी, कोवळ्या भेंडीची भाजी. तिच्या पोटात पाण्याचा घोट राहत नव्हता. बायका यायच्या, पाय चेपायच्या, वेणी घालायच्या, "कशी आहेस गं?" विचारायच्या आणि ऊन उतरायच्या आत आपापल्या गावी जायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. आपण एका आजारी बाईची सेवा करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला वाटतं, अजूनही वाटतं.

एका दुपारी धुरपदाबाई काठी टेकत आली. हातात काही नव्हतं. खाटेशी बसली आणि डब्यांकडे बघत राहिली.

"खाता का, आजी?" कौतिकानं विचारलं.

"दे."

म्हातारीनं सगळा शिरा खाल्ला. बोटं चाटली. मग म्हणाली, "तू आजारी पडल्यापासून माझ्या दारात कुणी येत नाही. शेवटची तू ना आता. शेवटून दुसऱ्या माणसाची गावाला गरज नाही." ती दात नसलेल्या तोंडानं हसली. "माझी जागा घेतलीस गं, पोरी."

कौतिकाही हसली. तिचं ते शेवटचं हसणं. मला म्हणाली, "उरलेलं आजींना बांधून द्या. आणि रोज या म्हणावं, मी आहे तोवर."

दोन दिवसांनी, उन्हं कलताना, तिनं मला जवळ बोलावलं. "आवाज येतो का हो गिरणीचा?"

गिरणी बंद होती. मी इथं होतो, चालवणार कोण? मी म्हणालो, "येतो."

"मला येत नाही." ती कान देऊन पडून राहिली. "लांब आहे ना घर," म्हणाली. मग काही बोलली नाही. दिवा लावायच्या आत गेली.

दोन्ही गावं आली. अंकुशनं डोकं आपटून घेतलं. मी शालनवहिनीला म्हणालो, "आता तिला घरी नेतो. आता ती काही खात नाही, पीत नाही. आंघोळ घालून तिथूनच उचलू."

वहिनीनं पदर तोंडाशी धरला. इकडेतिकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "आंघोळ मात्र इथंच घालू, भाऊजी. पाणी जातं ना."

तिला माळावर आंघोळ घातली. तिरडी गावातून नेली, आमच्या दाराशी टेकवली आणि उचलली. आत नेली नाही.

काटेसावर पहिल्या वर्गात आलं. निमखडीही आलं. पाटी लागली, पेढे वाटले, शेताला पाणी आलं, दवाखान्यात डॉक्टर आला. चांगला तरुण डॉक्टर आहे. येऊन मला तपासूनही गेला.

देवयानी मॅडम कार्यक्रमासाठी आल्या होत्या, तिथून त्या माझ्या घरी आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. चप्पल काढून जमिनीवर बसल्या. "कौतिकाताई कुठं आहेत?" असं त्यांनी विचारलं नाही, म्हणजे माहीत होतं.

"ती कुठल्या गावात धरली, मॅडम?"

"कुठल्याच नाही. मागच्या वाचनात काटेसावरला आहे. या वाचनात दोन्हीकडे नाही."

"मग यंत्राला काय वाटतं, ती कुठं गेली?"

"यंत्राला काही वाटत नाही." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "तुम्ही तक्रार द्या. मी चौकशी लावते. दोन्ही गावांचा वर्ग जाईल."

"मग पुढच्या वेळी लोक काय करतील?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अजून लांब नेऊन ठेवतील," म्हणाल्या. बाई खरं बोलणाऱ्या, म्हणून मला त्यांचा राग येत नाही. जाताना दारात त्यांना मी आणखी एक विचारलं, "वाचन चालू असताना माणूस मेला, तर?"

"मेलेला माणूस मोजत नाही, तुळशीरामजी. त्याला भूक नसते." बोलून गेल्यावर त्या थबकल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "असं का विचारलंत?"

"सहज," मी म्हणालो. तक्रार दिली नाही.

मी जेवण बंद केलं ते ठरवून नव्हे. घास उतरत नव्हता. गिरणी उघडावीशी वाटत नव्हती. झोप येत नव्हती. माझ्या अंगात जी काही द्रव्यं सुटत असतील ती सुटत होती आणि गटारातून खाली जात होती. पुढच्या वाचनाला महिनाभर राहिला तेव्हा गल्लीतली माणसं माझ्याकडे थांबून बघायला लागली. तसं बघणं मी ओळखतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आधी शालनवहिनी आली. "भाऊजी, असं किती दिवस? चार घास खा. ताईला बरं वाटेल का?"

"मला कुठं पाठवायचा विचार आहे?"

"तुम्हाला कुठं पाठवणार? तुम्हाला काय माहेर आहे?" तिनं हसायचा प्रयत्न केला.

मग पुरुष आले. म्हणाले, गावानं ठरवलंय, तुम्हाला काशीला पाठवायचं. सोबत माणूस, गाडी, सगळी सोय. मी म्हणालो, मी कुठंही जाणार नाही. ते दारात हात जोडून उभे राहिले. मीही आतून हात जोडले आणि बसून राहिलो. मला उचलून न्यायची त्यांची छाती झाली नाही. कौतिकाला ओटी भरून नेता आलं, मला न्यायला त्यांच्याकडे रीत नव्हती.

मग ताटं सुरू झाली. सकाळी एकीचं, संध्याकाळी दुसरीचं. तेव्हापासून मी अर्धी भाकरी खातो. त्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही. मला मरायचं नाही, हे लोकांना नीट कळलं पाहिजे. कौतिकाला जे मिळालं नाही ते मी घेणार आहे. आपल्या घरात, आपल्या खाटेवर, शेवटचा माणूस म्हणून मी जितकं जगता येईल तितकं जगणार आहे. त्यांचं पाणी जाईल, वर्ग जाईल. तो तरुण डॉक्टर दुसऱ्या गावी जाईल. त्यात ज्यांचा काही दोष नाही अशी पोरंही आहेत. ते मला माहीत आहे.

वाचन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शालनवहिनी स्वतः ताट घेऊन आली. वरणभात, तूप, अळूचं फदफदं, पापड. कौतिका गेल्यापासून असं ताट माझ्यासमोर आलं नव्हतं. तिनं ते पुढं ठेवलं आणि उभीच राहिली.

"बसा की," मी म्हणालो.

"नको, कामं पडलीत."

मी ताट तिच्याकडे सरकवलं. "वहिनी, आधी एक घास तुम्ही घ्या."

"मी?"

"घासभर वरणभात. माझ्यासमोर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय विचारतोय ते तिला कळलं होतं. तिचा चेहरा लाल झाला आणि मग पांढरा पडला. "आज माझा उपवास आहे," ती म्हणाली.

"कसला?"

तिनं वाकून ताट उचललं, पदराखाली झाकलं आणि दारातून बाहेर पडली. चालताना तिचा पाय उंबऱ्याला अडखळला, पण तिनं ताट हलू दिलं नाही.

दिवेलागणीला ती पुन्हा आली. या वेळी ताट दुसरं होतं, त्यात भाकरी आणि पिठलं होतं. माझ्यासमोर मांडी घालून बसली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तोंडात घास असल्यामुळे तिला रडता येत नव्हतं.

"उपवास सुटला का, वहिनी?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. मी अर्धी भाकरी मोडून घेतली, सावकाश खाल्ली आणि उरलेली तिच्याकडे सरकवली.

"सकाळी लवकर या," मी म्हणालो.